मथुरेच्या वाट्याची कोय

एकदा एक हळदीचा व्यापारी तीन दिवसांची वाट तुडवून डोंगरातल्या एका आश्रमात आला. त्याची पत्नी मथुरा दोन महिने अंथरुणाला खिळली होती आणि वैद्यांनी हात टेकले होते. आश्रमात आंब्याचे एक झाड आहे, बारा वर्षांतून एकदा त्याला एकच फळ धरते आणि ते खाणारा मरणाच्या दारातून परत येतो, असे त्याने ऐकले होते. ऐकलेले खरे होते. फळ त्याच आठवड्यात पाडाला आले होते.

पुराणांत आणि जुन्या पोथ्यांत अशी फळे पुष्कळ भेटतात. कुणी ऋषी राजाला फळ देतो, राजा ते राणीला देतो आणि पुढच्या ओवीत सगळे गोड होते. ते फळ घरात आल्यावर कुणी चिरले आणि कुणाच्या वाट्याला काय आले, हे सांगायला कुठलाच पोथीकार थांबत नाही. मला याचा नेहमी राग येतो.

आश्रमातल्या वृद्ध गुरूंनी व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरी आंबा चिरला की मथुराबाई काय खातात?"

व्यापारी गोंधळला. "कोय खाते, महाराज. तिला कोयच आवडते. लग्नाला चौदा वर्षं झाली, फोडीला कधी हात लावला नाही तिनं."

गुरूंचा शिष्य जवळच उभा होता. चाळिशी उलटलेला, संसार सोडून आलेला माणूस. तो हसून म्हणाला, "माझी आईही तशीच. कोयीसाठी आमच्याशी भांडायची."

गुरू हसले नाहीत. "त्यांना इथे घेऊन या. मी माझ्या हाताने भरवीन."

"तिला उठून बसवत नाही, महाराज. बैलगाडीचे हिसके कशी सोसेल?"

गुरूंनी बराच वेळ झाडाकडे पाहिले. मग फळ उतरवून त्याच्या ओंजळीत ठेवले. "सगळं त्यांच्याच पोटात जाऊ द्या. एक फोडही दुसऱ्या कुणाला नको." व्यापाऱ्याने पाय धरले आणि तो आल्या वाटेने निघाला.

तो वळणाआड जातो न जातो तोच गुरू शिष्याला म्हणाले, "झाडापासून वीस हातांवर एक खड्डा खण. कोय लावायला."

"पण गुरुदेव, फळ तर गेलं."

"कोय परत येईल."

शिष्याला काही कळेना. जमीन खडकाळ होती, खड्डा खणायला दोन दिवस लागले. गुरू रोज संध्याकाळी त्या खड्ड्याच्या काठावर हात जोडून बसू लागले. शिष्याने विचारले, "काय मागता?" ते म्हणाले, "हा खड्डा रिकामा राहावा."

ज्येष्ठ लागला तेव्हा व्यापारी परत आला. डोक्यावरचे केस उतरवलेले होते. त्याने उपरण्याची गाठ सोडली आणि वाळलेली कोय गुरूंपुढे टाकली. "तुमचं फळ खोटं निघालं. मथुरा गेली," म्हणाला आणि मटकन खाली बसून रडू लागला.

गुरूंनी त्याला रडू दिले. मग विचारले, "कुणी कुणी खाल्लं?"

"तिनंच!" तो तडकून म्हणाला. थोड्या वेळाने त्याचा आवाज उतरला. "मी बजावलं होतं, सगळं तूच खायचं. हो म्हणाली. आंब्याचा वास आला तशी कितीतरी दिवसांनी उठून बसली, थोरलीकडून विळी मागून घेतली. धाकटा दारात उभा होता. म्हणाली, लेकराच्या तोंडाकडे बघून मला घास कसा उतरेल? त्याला एक फोड दिली. मग थोरलीला. एकाला दिली नि एकीला नाही, असं कसं? मग माझ्या आईला. सासूच्या आधी सुनेनं खाणं बरं दिसत नाही, म्हणाली."

"आणि तुम्ही?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. "सहा दिवस पायपीट केलीत, एवढी घ्याच, म्हणाली. एका फोडीनं काय होतंय, असं वाटलं मला. फार गोड होती, महाराज."

"त्यांना काय उरलं?"

"कोय. मला बरंच वाटलं तेव्हा. म्हटलं, तिला आवडतं तेच मिळालं."

गुरू हलक्या आवाजात बोलू लागले. "फळ खोटं नव्हतं, बाबा. तुमच्या घरात कुणी वाईटही नाही. प्रत्येकाने एकच फोड खाल्ली. फोडी खाऊन झाल्यावर कोय सगळ्यांनाच आवडते. नुसती कोय कुणालाच आवडत नाही. सगळ्यांना पुरून जे उरतं ते आपल्याला आवडतं असं म्हणायला ती माहेरीच शिकली असेल. ती म्हणत राहिली आणि तुम्ही खरं मानलंत, कारण ते मानणं सोयीचं होतं. मृत्यूवर औषध होतं माझ्या झाडाकडे, या सवयीवर नव्हतं. ती वाचली असती तर ही कोय तुम्ही आपल्या अंगणात लावली असती. तुमचं पहिलं उत्तर ऐकलं आणि मी खड्डा खणायला सांगितला. दोष माझाही आहे. मला डोलीत बसून तुमच्या घरी येता आलं असतं. मी इथे प्रार्थना करत बसलो."

शिष्य कुदळ धरून उभा होता. कोयीसाठी भांडणारी त्याची आई जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्याने कोय उचलली, खड्ड्यात ठेवली आणि हातांनीच माती लोटली. त्याला पुढचे नीट दिसत नव्हते.

"तेराव्यानंतर घरी आंबे आले असतील," गुरू म्हणाले.

"आले. शेजाऱ्यांनी आणून दिले."

"कोय कुणी खाल्ली?"

"थोरलीनं," व्यापारी म्हणाला. " नऊ वर्षांची आहे. म्हणाली, बाबा, मला..."

वाक्य त्याला पुरे करता आले नाही. तो ताडकन उठला आणि त्याने उपरणे खांद्यावर टाकले. शिष्य म्हणाला, "दोन घास खाऊन जा."

"नको," तो म्हणाला. "आंब्याचे आठ-दहाच दिवस उरलेत."

आणि तो जवळजवळ धावतच डोंगर उतरू लागला.