जहागीरदारांच्या मंडपातला धूर

पळसगावचे जहागीरदार उदाजीराव यांना स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक. त्यांनी बागेत कौलारू मंडप बांधला, आपल्या गादीपुढे भलीमोठी लोखंडी शेगडी मांडली आणि दहा पाहुण्यांना मेजवानीला बोलावलं.

मटणाच्या सळया निखाऱ्यांवर चढल्या, चरबी ठिबकली आणि छपराखाली धूर कोंडला. पाहुणे डोळे चोळू लागले, तसे सरकार स्वयंपाकीण यमाक्कावर गरजले, "भाजायची अक्कल नाही तुला!"

"सरकार, वरची चार कौलं काढली तर धूर निघून जाईल," यमाक्का म्हणाली.

"मला शिकवतेस? छपराला हात लावायचा नाही, शेगडी हलवायची नाही, भाजणं थांबवायचं नाही. तरी पाहुण्यांना धूर लागला, तर उद्यापासून या घरात तुला काम नाही!"

वीस वर्षं तिथं राबलेल्या यमाक्कानं पदर खोचला, बाहेर आंब्याखाली सतरंज्या अंथरल्या आणि हात जोडून पाहुण्यांना तिकडे नेऊन बसवलं. मोकळ्या हवेत गरम मटण खाताना मंडळी खुलली.

उदाजीराव मात्र मानाची गादी सोडायला तयार नव्हते. एकटेच खोकत ते ओरडले, "हा धूर माझ्याच अंगावर का येतोय?"

यमाक्का अदबीनं वाकली. "सरकार, छपराखाली आपल्याएवढं मोठं दुसरं कुणी उरलंच नाही. मग मुजऱ्याला तो आणखी कुणाकडे जाणार?"

आंब्याखाली हशा उसळला. कौलं काढायचा हुकूम सरकारांनी खोकतखोकतच सोडला.