मैनेचा एक शब्द

फार पूर्वी एका व्यापाऱ्याच्या बैलगाड्या एक मैना हाकत असे. “ऊठ, गाडीला लाग, पुलावरून चल, पेठेत थांब,” असं ती प्रत्येक बैलाला सांगे.

एकदा ती म्हणाली, “आजपासून मी नुसतं ‘पेठ’ म्हणेन. त्यात सगळं आलं.” सगळे बैल खूश झाले.

पावसाळ्यात पूल खचला. मैना सवयीने ओरडली, “पेठ!” तरुण बैल मान खाली घालून निघाले. म्हातारा ढवळ्या त्यांच्यासमोर आडवा उभा राहिला. “मैनाताई, तुझ्या शब्दात पूल अजून शाबूत आहे.”

मैना दचकली. तिने सगळ्यांना बोलावून ‘पेठ’चा अर्थ पुन्हा सांगितला, फक्त पुलाऐवजी डोंगराची वाट घातली. गाड्या सुखरूप पोचल्या.

त्यानंतर नवा बैल आला की मैना त्याला तो शब्द शिकवी, पण आधी ढवळ्याबरोबर ती वाट चालून यायला लावी.