निळकंठरावांचं 'येस, येस'

लेण्यांच्या डोंगराखाली वसलेल्या एका गावात निळकंठराव नावाचे गाइड होते. त्यांचं इंग्रजी पुस्तकातल्यासारखं लख्ख. परदेशी पाहुणे आले की हॉटेलमालक त्यांनाच बोलवायचा. मग हेमांगी कॉलेज संपवून गाइड झाली आणि पाहुणे तिच्याभोवती जमू लागले. निळकंठरावांना तिचा हेवा वाटू लागला.

"हिचं व्याकरण धड नाही. मग सगळे हिलाच का चिकटतात?"

एका दुपारी ते तिच्या खिडकीपाशी घुटमळले. हेमांगी इंग्रजी सिनेमा बघत होती. खाली उमटणारी अक्षरं दिसू नयेत म्हणून तिने टीव्हीच्या खालच्या भागावर टॉवेल बांधला होता.

"काका, आत या ना! आज आयर्लंडचा आहे. काल जमैकाचा लावला होता, तिथले उच्चारच वेगळे, निम्मा डोक्यावरून गेला. उद्या परत बघणार."

"असलं अशुद्ध ऐकून कान बिघडतील तुझे," म्हणत ते फणकाऱ्याने निघून गेले.

हंगाम सुरू झाला. मालक म्हणाला, "या वर्षी एकच गाइड ठेवणार. आजच्या पाहुण्यांना दोघं मिळून न्या. त्यांना आवडेल तो माझा."

पाहुणे स्कॉटलंडचे होते. निळकंठराव सगळ्यांच्या पुढे, पाठ केलेली माहिती घडाघडा सांगत होते. इतक्यात पाहुण्यांतली एक म्हातारी धापा टाकत आली आणि तिच्या स्कॉटिश उच्चारांत त्यांना काहीतरी सांगू लागली. त्यांना एक अक्षर कळेना. पण हेमांगी जवळच उभी. तिच्यादेखत "पुन्हा सांगा" कसं म्हणायचं? ते ऐटीत हसले, "येस, येस" म्हणाले आणि पुढच्या मूर्तीकडे वळले.

"येस काय, काका?" हेमांगी ओरडली. "त्यांचे यजमान मागे पायऱ्यांवर पडलेत! छातीत दुखतंय त्यांच्या!"

ती डोलीवाल्यांना हाका मारत धावली. म्हाताऱ्याला वेळेत दवाखान्यात पोहोचवलं, म्हणून तो वाचला.

दवाखान्याच्या ओसरीवर निळकंठराव मान खाली घालून उभे होते. हंगाम हातचा गेला होता. म्हातारी त्यांच्याजवळ येऊन पुन्हा काही बोलली. हेमांगी शेजारीच होती. या वेळी ते हसले नाहीत.

"मला कळलं नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "हळू सांगाल?"

म्हातारीने हळू सांगितलं. "बसा जरा. केव्हाचे उभे आहात तुम्ही."

तात्पर्य एवढंच: हेव्याने आधी कान बंद होतात. तऱ्हेतऱ्हेची माणसं समजायची असतील तर तऱ्हेतऱ्हेचं बोलणं ऐकावं आणि कळलं नाही तर तसं सांगावं, मग वय कितीही झालेलं असो.