फोड्याने पाय सोडवला

फार पूर्वी एका वासराच्या आतड्यात फोड्या नावाचा पाचक विकर होता. त्याचा पाय पेशीच्या आवरणात रुतलेला होता. समोरून वाहणाऱ्या दुधातली साखर फोडून तो पेशीला भरवायचा.

एकदा स्वादुपिंडाच्या रसातून कात्र्या विकर वाहत आला. “दादा, जन्मभर असेच खिळून राहणार? म्हणाल तर पाय कापून देतो.”

पेशी कळवळली, “नको रे, अख्खी साखर मला गिळता येत नाही.”

“तू मला बांधून ठेवलंस,” म्हणत फोड्याने पाय कापून घेतला. त्याचं पाहून शेजारच्या विकरांनीही पाय कापून घेतले.

वाहता वाहता फोड्याने विचारलं, “आपण कुठे चाललोय?”

“मला काय ठाऊक? मला कधी पायच नव्हता,” कात्र्या म्हणाला.

दूध न पचताच पुढे जात राहिलं. तिसऱ्या दिवशी गाईने कितीही चाटलं, तरी वासरू उठलं नाही.