झाकलेला रकाना

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवाल? पुढे येऊन बडबडणाऱ्यावर, की पडद्याआड गप्प बसलेल्यावर?

मी आपला दुकानदार माणूस. मला बडबड्याच परवडतो. का, ते सांगतो.

आटपाडीकडचे आमचे खंडूअप्पा. उभा जन्म घोंगड्या विकल्या, आता बिरोबाच्या देवळापाशी बसून असतात. धंदा शिष्याकडे, जयवंताकडे. त्यानं घोंगड्या इंटरनेटवर चढवल्या. गडी हुशार, अन् ते त्यालाही ठाऊक.

त्या दिवशी मी तिथंच चहा पीत होतो. अप्पांच्या रेडिओवर बाजारभाव चालले होते. जयवंत लॅपटॉप उघडून बसलेला.

"ही दुकानाची आतली बाजू, अप्पा. माल चढवायचा फॉर्म. टेम्पलेट कपड्यांच्या दुकानाचं, त्यामुळं नको ते रकाने! कॉलर, बाह्या, लोकर कसली... घोंगडीला लोकर कसली हे काय विचारायचं? माल चढवणाऱ्या बायका भरून वैतागायच्या. कोडची एक ओळ लिहिली, सगळे गायब."

"काढून टाकलेस?"

"झाकले. दिसत नाहीत म्हणजे नाहीतच."

अप्पांनी पिशवीतून एक घोंगडी काढली. नगरच्या गिऱ्हाइकानं परत पाठवलेली. त्यानं एक धागा जाळून पाहिला होता. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास यायचा, तो कागदाचा आला.

"ही तर सूतमिश्रित," जयवंत म्हणाला. "स्वस्तातली."

"तिला लावलेली चिठ्ठी वाच."

"लोकर... शुद्ध."

"कोणी लिहिलं?"

"कोणीच नाही! तो रकाना तर मी..."

तो थांबला. त्या रकान्यात मुळातच 'शुद्ध' भरलेलं असायचं. मिश्र माल आला की बायका ते बदलायच्या. आता बदलायला रकानाच दिसेना. चिठ्ठी मात्र 'शुद्ध' अशीच छापून निघत होती.

अप्पांनी ती घोंगडी रेडिओवर टाकली.

आतून बाजारभाव चालूच.

"झाकला की रे," अप्पा म्हणाले. "गप्प का होईना?"

"एक ओळ पुसतो, अप्पा. रकाना परत दिसेल. झालं."

"आणि गेलेला माल?"

"एकानंच तर धागा जाळला. बाकीच्यांना कुठं कळतंय..."

अप्पांनी घोंगडीखाली हात घालून रेडिओचा आवाज वाढवला.

जयवंतानं मान खाली घातली.

"सगळ्यांना कळवतो," तो शेवटी म्हणाला. "ज्यांना परत द्यायची, त्यांची परत घेतो. पण अप्पा, चिठ्ठीवर नाव तुमचं आहे. जाईल ते."

"म्हणून तर कळवायचं."

त्यानं दात आवळून लॅपटॉप पुढे ओढला. पहिलं पत्र सुरू केलं. दोन ओळींत अडला.

"कारण काय लिहू? मशीनची चूक?"

अप्पांनी रेडिओवरची घोंगडी काढली, झटकली, त्याच्या खांद्यावर टाकली.

"मशीनला कोण विचारतंय, लेका... रकाना तू झाकलास, हिशेब तू दे. खरा दे."