तांदळावरचं नाव

ओढ्याच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात एक बाई होती. तिला सगळे ओळखत, पण तिचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. सासू होती तोवर ती सूनबाई होती. मुलगा झाला तशी ती धोंडूची आई झाली. नवरा निवृत्ती तिला 'अगं' म्हणे, ती त्याला 'अहो' म्हणे. त्या गावात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नसत. आणि परक्या पुरुषाला बाईनं स्वतःचं नाव सांगायचं, म्हणजे भर चावडीत डोक्यावरचा पदर टाकायचा.

तिला एकच दुखणं होतं. लेक यमू ओढ्यापलीकडच्या वाडीत दिली होती. हाक मारली तर ऐकू जाईल, एवढ्यावर. पण पावसाळ्यात ओढा फुगला की त्या हाकेचाही आवाज पाण्यात बुडायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. यमूला आणायला निघायच्या आधीच ओढ्याला पाणी आलं. तिकडे लेक कण्हत होती आणि इकडे आई डिंकाचे लाडू पदरात बांधून काठावर बसून राहिली. नात झाली, ते तिला पलीकडून कुणीतरी हातवारे करून सांगितलं. आता ती नात चालायला लागली होती आणि आजीला बघितलं की परकी समजून रडत होती.

ओढ्यावर एक साकव हवा होता. पायी जाण्यापुरता छोटा पूल, बाकी काही नाही. दर निवडणुकीला उमेदवार यायचा, साकवाचं वचन द्यायचा, कारभारी विठोजीकडे पोटभर जेवायचा आणि गाडीत बसून जायचा. विठोजीचं शेत अलीकडे, सोयरे अलीकडे. त्याला साकव नको होता. आणि गावची मतं कुणाला जायची, ते तोच ठरवायचा.

पुन्हा राज्याची निवडणूक आली. शाळेच्या मास्तरांनी दवंडी पिटवली, "अठरा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकानं, बाई असो की पुरुष, चावडीत येऊन नाव नोंदवावं. आज शेवटचा दिवस. यादीत नाव नाही, त्याला मत नाही!"

धोंडूची आई हातातलं पीठ तसंच ठेवून चावडीत गेली. तिथं बायकांची रांग होती.

"नाव?" मास्तरांनी विचारलं.

"भिक्याची आई," पहिली म्हणाली.

"ते भिक्याचं झालं. तुमचं?"

ती पदर तोंडाशी धरून लाजली आणि बाजूला झाली. मास्तरांनी नाइलाजानं 'भिक्याची आई' असंच लिहिलं. तिच्यामागची म्हणाली, "लोहाराची थोरली." तिच्यामागची तर पदर ओढून माघारीच फिरली.

विठोजी बाजेवर पान लावत बसला होता. तो हसून म्हणाला, "मास्तर, कशाला बिचाऱ्यांना छळता? भिक्याची आई म्हणा नाही तर भिक्याची मावशी, मत तर आम्हीच सांगतो तिथं पडायचं."

"असली नोंद वर टिकत नाही, कारभारी. वरचे साहेब काट मारतात."

"मग मारू द्या की!" विठोजी म्हणाला. काट मारली तर त्याचं काहीच बिघडत नव्हतं. साकव मागू शकणारी मतं कमी होणार, ही उलट सोयच होती.

धोंडूच्या आईची पाळी आली. मास्तरांनी दाराशी उभ्या असलेल्या धोंडूलाच विचारलं, "काय रे, आईचं नाव काय तुझ्या?"

मिशा फुटलेला तो गडी गोंधळला. "आई," तो म्हणाला.

सगळी चावडी हसली. बाई मात्र हसली नाही. तिला पलीकडच्या काठावर रडणारी नात दिसली.

"मास्तर," ती म्हणाली, "बापानं ठेवलेलं नाव बयजा. पण ते लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं. ते तांदूळ त्याच सांजेला शिजले, पंगतीला वाढले. पुढं त्या नावानं मला कुणी हाकच मारली नाही. मी विसरले बघा."

आता हसणं थांबलं. मागच्या खांबाआडून निवृत्ती पुढं आला. उभ्या गावात त्याच्याइतका भिडस्त माणूस नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"सुभद्रा," तो म्हणाला. "मीच लिहिलं होतं. मी नाही विसरलो."

बाईनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "मग इतक्या वर्षांत एकदा हाक नाही मारलीत?"

"लाज वाटायची गं," निवृत्ती म्हणाला. "मनात मारायचो."

मास्तरांनी खाली बघून टाक पुसला. मग विचारलं, "बाई, कुठलं नाव लिहू? नाव तुमचं आहे. तुम्ही बोलाल ते लिहीन."

बाईनं पदर सावरला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुभद्रा लिहा. ह्यांनी एवढं जपून ठेवलंय, वाया कशाला घालवायचं?"

"आणि नवऱ्याचं नाव?"

बाईचा हात आपोआप तोंडाशी गेला. बाजूला उभी असलेली भिक्याची आई म्हणाली, "घे बाई, उखाण्यात घे!"

"उखाणा कशाला? ह्यांनी माझं सरळ घेतलं, मीही सरळ घेते," सुभद्रा म्हणाली. "निवृत्ती."

निवृत्तीचे कान लाल झाले. विठोजीच्या हातातलं पान तसंच राहिलं.

मतदानाच्या दिवशी शाळेत मोठी रांग होती. भिक्याची आई दारातूनच परत आली. तिची नोंद खरंच काटली होती. ती रागानं मुसमुसत होती. आत मतदान घेणाऱ्या साहेबांनी सर्वांना ऐकू जाईल असं नाव पुकारलं, "सुभद्रा निवृत्ती ढगे!" सुभद्रेनं मागं वळून पाहिलं, ही कोण बाई म्हणून. मागं दुसरी बाईच नव्हती.

"अहो, तुम्हीच ना?" साहेब हसले.

"हो, मीच की!" ती म्हणाली. बोटाला शाई लागली. आडोशामागं जाऊन तिनं शिक्का मारला, कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. कुणाला मत दिलं ते तिनं निवृत्तीलाही सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

त्या एका मतानं साकव झाला नाही. कुणी तसं सांगितलं, तर तो तुम्हाला फसवतोय. पण पुढची नोंदणी आली तेव्हा भिक्याची आई सगळ्यांच्या आधी चावडीत येऊन बसली. "चंद्रभागा!" मास्तरांनी विचारायच्या आधीच ती ओरडली. तिच्यामागं बायकांची रांग आणि नावांचा नुसता कलकलाट. त्या वेळी आलेल्या उमेदवाराला विठोजीच्या पंगतीवरून उठून दारोदार जावं लागलं. प्रत्येक दारात बाईनं बोटानं ओढा दाखवला. निवडून आल्यावर तो विसरला, तेव्हा बायका त्याच्या दारात जाऊन बसल्या. मग साकव झाला.

भर पावसात, खाली पाणी घोंघावत असताना, सुभद्रा पदरात लाडू बांधून साकवावरून निघाली. पलीकडे यमूचा हात सोडवून नात पुढं आली. तिनं डोळे बारीक करून विचारलं, "तुझं नाव काय गं?"

या वेळी सुभद्रेनं मागं वळून पाहिलं नाही.

तात्पर्य: आपलं नाव आपल्या तोंडानं सांगा, मुदतीत नोंदवा आणि त्या नावानं स्वतः जाऊन मत द्या. यादीत ज्याचं नाव नाही, त्याचं गाऱ्हाणं राज्याच्या कानावर जात नाही.