दौलतरावांच्या विहिरीचं पाणी

सन १९७९ चा वैशाख. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचं मतदान होतं. दौलतराव इनामदार खालच्या वस्तीत आले. दुष्काळात त्यांनी आपली विहीर या वस्तीला खुली केली होती. तेव्हा माणूस मोठा वागला होता. आता त्यांचा पुतण्या उभा होता आणि समोर वस्तीचाच शिदू.

"त्या पाण्याला जागा," दौलतराव म्हणाले. "पुतण्याला मत देऊ नका हवं तर. पण उद्या घराबाहेर पडू नका. मत न देणं काही पाप नाही."

माणसं खाली बघू लागली. मागच्या खेपेलाही ती अशीच घरी बसली होती, आणि वस्तीसाठी आलेली शाळा वरच्या आळीला गेली होती.

म्हातारी गजराबाई उठली.

"मालक, तुमचं पाणी आम्ही धर्माचं म्हणून प्यालो. उसनं होतं, हे आज कळलं. मग पाण्याचं उसनं पाण्यानंच फेडू. मत काही तुमच्या विहिरीतनं आणलं नव्हतं."

"फेडा की! वैशाखात?" दौलतराव हसले.

सकाळी बायकांनी दुष्काळानंतर वस्तीत आलेल्या हापशावर घागरी भरल्या आणि टेकडी चढून त्या विहिरीवर आल्या. दौलतराव काठावर उभे होते. एकेक घागर आत रिकामी होऊ लागली.

"गजरे, राहू दे गं," ते हळूच म्हणाले. "ते पाणी मी खरंच धर्माचं दिलं होतं."

"ठाऊक आहे, मालक. काल ते तुम्हीच विसरलात."

तिचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. शेवटची घागर ओतून ती मतदानाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पाणी फिटलं.